सावनेरच्या पुढे

आमच्या प्रताप नगरातल्या मोतीरामजी झाड्यांना कुठलीही जागा विचारा, उत्तर ठरलेलं. "सावनेरच्या पुढे." मोराचा फोटो कुठे काढला? सावनेरच्या पुढे. रानगवा? तोही तिथलाच. एकदा बायकोने वांगी कुठून आणली म्हणून विचारलं, तर सवयीने तेच तोंडातून गेलं. सावनेरच्या पुढे जंगल कसलं, नुसता कोळसा आणि कपाशी, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा माणूस सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या नोकरीला!

सुट्टी आली की मोतीरामजी गळ्यात कॅमेरा अडकवून एसटीत बसत. फोटो काढून झाला की जनावराला हात जोडत. "त्यायच्या घरात न इचारता घुसलो होतो गा," म्हणत.

गणपतीत आमच्या मांडवात त्यांचं 'वन्यप्राणी वाचवा' हे व्याख्यान होई. स्लाइडचं यंत्र मी चालवायचो, कारण मी शाळामास्तर आणि शेजारी. लोक बसलेले वाघासाठी, आणि मोतीरामजी हरणाच्या लेंड्यांवर वीस मिनिटं बोलत. "हे पहा, एकदम ताजी हाये!" असं इतक्या कौतुकाने सांगत की पुढच्या रांगेतल्या बायका नाकाला पदर लावत.

वाघीण अगदी शेवटी. रस्त्याच्या कडेला ऐटीत बसलेली, बाजूला मैलाचा दगड. दगडावरच्या गावाच्या नावावर मात्र मोतीरामजींनी स्लाइडलाच काळी चिकटपट्टी लावली होती.

"काहून झाकलं?" मी विचारलं होतं.

"वाघीण पाहा ना मास्तर, दगड काय पाहून राहिले?"

मी ते त्यांच्या विक्षिप्तपणात जमा केलं आणि गल्लीभर त्यांची टिंगल केली.

तेव्हा परवाना काढून वाघ मारता येत असे. त्या वर्षी पहिल्या खुर्चीवर वाडीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ होते. त्यांना शिकारीचा शौक. वाघीण पडद्यावर आली तसे ते ताठ बसले.

"मोतीरामजी, हे कुठची?"

"सावनेरच्या पुढे."

मांडव हसला. तेवढ्यात यंत्राच्या दिव्याच्या उष्णतेने पट्टी सुटायला लागली. आधी पट्टीचं टोक उचललं, मग नावाचं पहिलं अक्षर दिसलं. शेठ चष्मा पुसून पुढे वाकले.

मोतीरामजींनी व्यासपीठावरून उडीच मारली आणि हात पसरून पडद्यासमोर उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर वाघिणीचे पट्टे, टकलावर तिचा कान! लोक पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

"बंद करा मास्तर! बंद करा गा!"

तो आवाज ऐकून माझं हसू जागीच थांबलं. मी प्लग ओढला. शेठना पहिलं अक्षर तेवढं मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीरामजी ती स्लाइड घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ पट्टीचा चिकटा नखाने काढत राहिले.

"माह्या पहिल्या भाषणात मी जागा सांगून टाकली होती मास्तर. फुशारकीनं. नाला, उंबराचं झाड, सारंच. दोन महिन्यानं ऐकणाऱ्यातला एक जण पेढे घेऊन घरी आला. वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेला फोटो दाखवला मले. म्हणे, तुमच्यामुळंच भेटला. डावा कान फाटका होता त्याचा. मी वळखला गा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तोंडात पेढा होता. तो गिळला गा."

मला माझ्या सगळ्या टिंगलीची लाज वाटली. आम्ही दोघांनी मिळून ब्लेडने स्लाइडवरचं नाव खरडून काढलं. त्यांच्या सगळ्यात चांगल्या फोटोला कायमचा ओरखडा पडला. मोतीरामजी मात्र खुशीत घरी गेले.

पुढचं व्याख्यान एका कॉलेजात होतं. वाघीण आली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कुठली हो ही?" बहुधा शेठ आठवून मोतीरामजी उगाच पाण्याचा पेला शोधू लागले.

"सावनेरच्या पुढे," मी यंत्रामागून म्हणालो.

सगळे हसले. मोतीरामजी हसले नाहीत. त्या अंधारात ते माझ्याकडे वळले आणि जनावरांना जोडत, तसे त्यांनी मला हात जोडले.