दुर्बिणीतून ससा मोठा दिसतो

प्रिंटरने घशात अडकलेला कागद खाकरून बाहेर टाकला आणि शनिवारच्या दुपारची मोठ्या कष्टाने मिळवलेली शांतता मोडली. सुनेत्राने आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. चार वर्षांच्या रिद्धीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. गालावर उशीची घडी उमटली होती. मग सुनेत्राने कागद उचलला.

मनुष्याची प्रगती त्याने काय मारलं यावरून नव्हे, तर कुठल्या पद्धतीने मारलं यावरून मोजावी, असं त्यावर लिहिलं होतं.

हा विचार उपेंद्रसाहेबांचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ज्या कारखान्यात सुनेत्राचा नवरा दत्तप्रसाद एचआरमध्ये होता, तिथले ते जनरल मॅनेजर. कारखाना टॉवर्सना ॲल्युमिनियमच्या खिडक्या पुरवत असे. २००८ सरता सरता टॉवर्स अर्धवट उंचीवर थांबले आणि तयार खिडक्यांना भिंती मिळेनात. अशा वेळी दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. साहेब अमेरिकेत मेहुण्याकडे सुट्टीवर गेले आणि दुर्बीण लावलेल्या पिस्तुलाने ससे मारायला शिकून आले.

परत आल्यावर त्यांनी स्टाफला सेहेचाळीस स्लाइड्स दाखवल्या. "रायफलने कोणीही मारतो," ते म्हणाले. "पिस्तुलाला कॅरेक्टर लागतं."

त्या स्लाइड्सवरून दत्तप्रसादने नोकरकपातीची कार्यपद्धती लिहायची होती. त्याची वाक्यं मध्येच दम खात, म्हणून ती सुनेत्रा लिहीत होती (मानधन: नाही).

पहिला मुद्दा सावजाचा. मोठ्या जनावराला परवाना लागतो, शिवाय ते उलटून अंगावर येतं. कंपनीतली मोठी जनावरं वकील करतात, ससा करत नाही. म्हणून कपात सशांपासून सुरू व्हावी आणि शक्यतो सशांपाशीच संपावी.

मग दुर्बीण. तिच्यातून ससा मोठा दिसतो. ऑफिसबॉय खैरुद्दीनच्या चहाच्या दूध पावडरीचा खर्च उघड्या डोळ्यांना महिना नव्वद दिरहॅम, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये दिसत होता. दुर्बिणीतून तो साहेबांच्या बिझनेस क्लासच्या तिकिटाएवढा दिसला. (तिकीट दुर्बिणीत मावलं नाही.)

पळता ससा शिट्टी ऐकून क्षणभर थांबतो, मान वर करतो. तेवढा क्षण पुरतो. कारखान्यातली शिट्टी म्हणजे "दोन मिनिटं केबिनमध्ये येता का?" जानेवारीत अठरापैकी सतरा जण पहिल्याच शिट्टीला थांबले. अठराव्याला कमी ऐकू येई. त्याला ईमेल करण्यात आला.

सर्वांत महत्त्वाचा तो टेकू. पिस्तूल हात लांब करून धरावं लागतं आणि हाताचा कंप दुर्बिणीत कितीतरी पट मोठा दिसतो. म्हणून मनगट टेकवायला काहीतरी हवं. साहेबांनी आजवर कपातीचं एकही पत्र स्वतःच्या सहीने दिलं नव्हतं. सह्या दत्तप्रसादच्या. "तू आहेस म्हणून माझा नेम स्थिर आहे, हबीबी," असं ते म्हणत आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत.

दर गुरुवारी पाच, ही मर्यादा (हाव वाईट). व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस मिळत. अमेरिकेतल्या सशाला ही सवलत नाही.

येत्या गुरुवारच्या यादीत चार नावं होती.

"पाचवं?" सुनेत्राने विचारलं.

दत्तप्रसाद रिकामा ग्लास फिरवत बसला होता. "उद्या सकाळपर्यंत दे म्हणाले. नाहीतर एचआरमध्येच बघतो म्हणाले."

"अरे, एचआरमध्ये तू एकटाच उरलायस."

"तेच ना."

आत रिद्धी झोपेत खोकली. तिची नर्सरी, तिचा व्हिसा, डिस्कव्हरी गार्डन्समधलं हे दोन खोल्यांचं घर, सगळं दत्तप्रसादच्या पासपोर्टातल्या एका पानाला टांगलेलं होतं.

"स्टोअरमधला तुकाराम," तो म्हणाला. "अकरा वर्षं झालीत त्याला. पण तो काही बोलणार नाही."

तुकाराम दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याकडे जेवायला येई. जेवण झालं की रिद्धीला खाली हिरवळीवर नेई आणि ती दमेपर्यंत तिचा घोडा होई.

सुनेत्राने नाव टाइप केलं. स्पेलिंग तपासलं.

(वाचकांनी इथे नाक मुरडू नये. पाचवं नाव दत्तप्रसादचं नसावं, असं मघापासून तुम्हालाही वाटत होतं. तुकारामला गावी दोन मुली आहेत. तुम्ही विचारलं नाहीत.)

माणुसकी मात्र सुटता कामा नये. तुकारामला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्या पत्राला मराठी प्रत जोडावी, असं सुनेत्रानेच सुचवलं. साहेबांनी फोनवर "टच ऑफ क्लास!" म्हणून मंजुरी दिली. प्रतही तिनेच लिहिली, चांगला अर्धा तास लावून. तोवर रिद्धी उठून मांडीवर येऊन बसली होती. 'स्टोअरची किल्ली अकरा वर्षं तुमच्या हाती होती, आणि या काळात आम्हाला ते दार कधी पुन्हा ओढून पाहावं लागलं नाही,' हे वाक्य सुनेत्राला इतकं जमलेलं वाटलं, की ते तिने लेकीला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

गुरुवारी पाचही जण पहिल्या शिट्टीला थांबले.

शुक्रवारी तुकाराम आला तो हातात प्लास्टिकची फाइल घेऊन. दत्तप्रसादला नेमकी तेव्हाच खाली गाडीत काहीतरी विसरल्याची आठवण झाली.

"बसा ना, तुकारामभाऊ," सुनेत्रा म्हणाली.

"नोकरीचं काय वहिनी, सगळ्यांचीच चाललीय. खलास." त्याने फाइल उघडली. "पण हे बघा. साहेबांनी मला मराठीत लिहिलंय. माझ्यासाठी, मराठीत! मुलींना वाचून दाखवणार आहे मी. माझ्याबद्दल असं कोणी कधी बोललंपण नाही हो."

आणि ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सावकाश लावत, तो वाचू लागला. "स्टोअरची किल्ली... अकरा वर्षं..."

रिद्धीचे डोळे चमकले. पुढचे शब्द तिला पाठ होते. ते तिने तुकारामच्या आधीच म्हणून टाकले, टाळी वाजवली आणि आईच्या ओढणीला धरून विचारलं,

"आई, दॅट्स युअर लेटर ना? विल यू राइट वन फॉर बाबा ऑल्सो?"