सव्वादोनचा चुडा

हबीबचाचांना आमच्या गल्लीतल्या एकाही बाईचं नाव ठाऊक नव्हतं. मनगटाचं माप मात्र सगळ्यांचं ठाऊक होतं. माझी आई ‘अडीच भाभी’, शेजारच्या मास्तरीणबाई ‘दोन-सहा’ आणि माझी धाकटी बहीण कुसुम ‘सव्वादोन’. मी दुकानासमोरून निघालो की ते भररस्त्यात विचारायचे, “काहून गा, सव्वादोन बरी हाये ना? अन् चार दिवसांपासून अडीच कुठी गेल्या?” नवख्या माणसाला वाटे, आमची लाकडाची वखार असावी.

इतवारीच्या बाजारात आमचं हळद-कुंकवाचं दुकान आणि चाचांचं बांगड्यांचं. मधे एक भिंत. लग्नाचं गिऱ्हाईक आमच्याकडे बाशिंगं घ्यायला आलं की बाबा डावीकडे बोट दाखवायचे, चुड्यासाठी तिकडे गेलं की चाचा उजवीकडे. ह्यासाठी दोघांत कधी काही ठरलेलं मला तरी माहीत नाही. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले की त्यांचं दुकान बाबा पाहायचे, आणि बाबा जेवायला घरी गेले की आमचं चाचा. ह्या व्यवस्थेत दोन्ही दुकानांचं नुकसान होई. बाबांना बायकांचा हात धरायचा म्हणजे घाम फुटायचा, त्यामुळे शुक्रवारी आलेल्या प्रत्येक बाईला ते शनिवारी यायला सांगत. चाचा उलट आमच्या गिऱ्हाइकांना भलतेच मन लावून माल दाखवत. “बाई, ह्या डब्यातलं नका घेऊ, याचा रंग घामानं उतरते. खालच्या डब्यातलं घ्या, सस्तंबी हाये.”

बाबा एकदा चिडले. म्हणाले, “मियाँ, दुकान सांभाळा म्हटलं होतं, बुडवा नाही म्हटलं.”

“शेठ,” चाचा म्हणाले, “खोटं बोलाले मले माझंच दुकान पुरते.”

बांगडी भरताना ते बाईच्या तोंडाकडे पाहत नसत. मनगटाकडे पाहायचं आणि वाटेल ते बोलत राहायचं. शेजाऱ्याची बकरी, कोहळ्याचा भाव, कोणाच्या तरी आतेभावाचं पोट. मधूनच, “हात ढिला सोड वं बाई.” बोलण्याच्या नादात हात स्वतःला विसरला की बांगडी गुपचूप चढते, हे त्यांचं शास्त्र. हात ताठ असला तर काच टिकत नाही, आणि वर रक्त निघतं. शेवटी कोणीतरी परका माणूस आपला हात दाबतो आहे आणि तो आपल्याला दुखवणार नाही, एवढं त्या बाईला पटावं लागतं. चाचांचा सगळा धंदा त्यावर चालला होता.

वर्तमानपत्र ते वाचत नसत. जगाची खबर त्यांना हातांवरून लागायची. मास्तरीणबाईंचा हात ताठ आला तेव्हा त्यांनी बाबांना सांगितलं होतं, “दोन-सहाच्या घरी काही तरी शिजून राहिलं.” चार दिवसांनी मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. आम्ही ह्या शास्त्राची यथेच्छ टिंगल करायचो.

कुसुमचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी भिंतीवरूनच आवाज दिला. चाचा तिकडून म्हणाले, “सव्वादोनचा चुडा मी घरी येऊन भरीन. जबान.” झालं, बोलणी संपली.

लग्नाला पंधरा दिवस असताना एका सकाळी ते आमच्या पायरीशी आले. “शेठ, आठ दिवस झाले, हात ताठ येऊन राहिले. आमच्या बायांचेबी अन् तुमच्या बायांचेबी. गावात काही तरी हाये.” बाबा हसले. त्याच आठवड्यात कुठल्याशा मिरवणुकीवरून दगड आले, दुकानं जळली आणि कर्फ्यू लागला. आमची आणि चाचांची फळी एकाच वेळी बंद झाली. पुढे दहा दिवस चाचांचा आवाज नाही. चाचांचं घर दुकानापासून पाच मिनिटांवर, पण ते ‘तिकडे’ होतं. पाच मिनिटांच्या अंतरात एक ‘तिकडे’ मावतं, हे मला तेव्हा कळलं.

रामटेकचे माझे मोठे काका लग्नासाठी आधीच येऊन अडकले होते. ते म्हणाले, “चुडा आपल्या माणसाच्या हातानं भरायचा. यंदा तो मियाँ नको.” कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा त्यांनी कुठून तरी हिरव्या बांगड्यांचा डबा पैदा केला. मावशी साबणाचं पाणी घेऊन बसली. पहिली बांगडी वाढली. लग्नघरात बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणतात. दुसरीही वाढली आणि कुसुमच्या अंगठ्याला लागलं. आई देवघरापाशी जाऊन बसली. नवरी मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढणार की काय, एवढीच एक चिंता आता घरात उरली होती. दंगाबिंगा बायका विसरल्या होत्या.

कुसुम अंगठा चोखत म्हणाली, “चाचांनी जबान देली हाये. ते आले तर भरीन, नाही तर नाही.”

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दोन ते चार सूट होती. सव्वादोनला दार वाजलं. मी उघडलं. पांढरा सदरा, काखेत बांगड्यांची पेटी, हबीबचाचा. माझ्या मागून काका पुढे झाले आणि दारात उभे राहिले.

“काहून आले मियाँ अशा दिवसात?”

“लगन उद्या हाये ना,” चाचा म्हणाले. “परवा येऊन काय करू?”

काका थोडे सरकले, आणि तेवढ्या फटीतून चाचा आत आले.

कुसुमनं हात पुढे केला. चाचांनी बकरीची गोष्ट सुरू केली, पण ती कुठेच जाईना. पहिली बांगडी बोटांवरून निघाली आणि वाढली. कुसुमचा हात तर लोण्यासारखा सैल होता. थरथरत होते ते चाचांचे हात. वीस वर्षांत नवरीच्या हातावर त्यांच्याकडून काच गेली नव्हती. ते नुसते काचेच्या तुकड्यांकडे पाहत बसले. कर्फ्यूच्या रस्त्यांवरून एकटा माणूस पेटी घेऊन काय पाहत पाहत आला असेल, ते आम्हांला त्या हातांवरून समजलं.

कुसुमनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “बसा जरा. माझा हात कुठी पळून नाही चालला. पाणी आन गा दादा.”

मी पाणी आणलं. चाचा प्यायले. ती त्यांचा हात धरून बसली होती आणि स्वतःच त्यांना सासरच्या गोष्टी सांगत होती. सासूबाई घोरतात, दिराला गणित येत नाही. दहा मिनिटांनी चाचा हसले. मग एकवीस बांगड्या एकामागून एक चढल्या, एकही वाढली नाही. कुसुम रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाया पडली. काकांनी पेटी उचलली आणि मला म्हणाले, “चाल, पोचवून देऊ याहिले.”

कोपऱ्यापर्यंत काका पेटी घेऊन आले. पुढे मी. चाचांच्या दाराला कुलूप होतं. घरात बायको असेल, नातवंडं असतील, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नव्हतं.

“घरी कोणी नाही?”

“घरवाली गेली, अकरा वर्सं झाली.”

मी मनात हिशोब केला. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं दुकान तीन दिवस बंद होतं. बाबांना वाटलं होतं, गावी गेले असतील.

“आम्हांला सांगितलं काहून नाही चाचा?”

“तुमची दिवाळी होती गा. कुंकवाच्या दुकानात जाऊन अशा दिवशी काय सांगाव?” त्यांनी कुलूप काढलं. “ये ना आत. चहा घेऊन जा.”

सूट संपायला वीस मिनिटं होती. कोपऱ्यावरून काका हाका मारत होते. मी आत गेलो. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकून ठेवलेली एक चटई. चहा झाला आणि त्यांनी तो घरातल्या एकुलत्या एका कपात ओतून माझ्या हातात दिला. स्वतः बशीत घेतला.

मला फार लाज वाटली. आमच्या घरी चाचा वीस वर्षं येत होते, आणि त्यांच्यासाठी एक कप वेगळा, कोनाड्यात पालथा घालून ठेवलेला असे.