तीन वाटा मागणारे गायकवाड सर

आमच्या बीडच्या वसतिगृहाचे रेक्टर गायकवाड सर कुणालाही सरळ उत्तर देत नसत. पोरगा अडचण घेऊन गेला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "तीन वाटा सांग. तिसरी येडी असली तरी चालंल."

एकदा एकाची चप्पल चोरीला गेली. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "एक, चोर शोधायचा. दोन, नवी घ्यायची. तीन... दुसऱ्याची घालून जायचं!"

"शाब्बास! आता कोणती वाट धरायची न्हाई, त्ये तरी कळलं!"

सरांचा हा नियम स्वतःलाही लागू होता. मेसच्या आमटीत मीठ जास्त पडलं तेव्हा ते पातेल्यापाशी उभे राहून बोटं मोजू लागले. "एक, पाणी घालावं."

"पाणी कुटंय, सर?" स्वयंपाकी म्हणाला. सरांनी ते बोट मुकाट्यानं मिटलं.

त्या साली दुष्काळ होता. टँकर आला की प्रत्येक खोलीतल्या एकानं बादल्या घेऊन धावायचं, अशी पद्धत. मी उमापूरचा. आई-बाप ऊसतोडीला सहकारी कारखान्यावर गेलेले, आणि मी घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. माझी पाळी आली त्या दिवशी टँकरपाशी रेटारेटी बघून मी लांबच थांबलो. पुढं पाऊलच पडेना. रिकाम्या बादल्या घेऊन परतलो. माझा खोलीसोबती बाळू सगळ्यांदेखत म्हणाला, "सुभ्या, टँकरवाला तुला जावई म्हणून बोलवायला येणार हाय का बे?"

सगळे हसले. उद्या पाणी आणतो, एवढं म्हटलं असतं तरी मिटलं असतं. पण ते सुचलंच नाही. मी जेवायला जाणं सोडलं, मग वर्गात जाणंही. झोप लागेना. परीक्षेच्या तोंडावर पेटी भरली.

सर दारात आले. "कशापायी चाललास? तीन वाटा सांग."

"एकच हाय सर. कॉलेज सोडून कारखान्यावर जायचं."

"आन् दुसरी?"

"दिसत न्हाई."

मी सरांच्या चिडण्याची वाट पाहत होतो. पण ते माझ्या पेटीवरच बसले. म्हणाले, "मन खचलं की दुसरी वाट दिसतच न्हाई, लेकरा. तू आळशी न्हाईस, की बावळट न्हाईस. त्यो आजार हाय, त्याला औषध हाय. तवर तुझ्या वाटा मी मोजतो. आज टँकरला तू आन् मी जाऊ. नळी मी धरतो, तू बादली धर."

आम्ही गेलो. भरलेली बादली दिसताच बाळू कान खाजवत म्हणाला, "आण हिकडं. जेवलास का बे?"

दुसऱ्या दिवशी सर मला दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. खिडकीतला कंपाउंडर माझ्याकडं न बघता त्यांनाच म्हणाला, "सर, लई उशीर केलात. गोळ्या कवाच संपल्या असतील की तुमच्या."

मी सरांकडं पाहिलं. ते बाकड्यावर सरकले, मला जागा केली.

"बायको गेल्यापासून चालू हाय," ते हळूच म्हणाले. "लई दिवस निघायचं म्हणत होतो, पर एकट्याचा पायच उचलंना. आज तू होतास म्हणून आलो."

आत कुणाचं तरी नाव पुकारलं. आमचे नंबर अजून लांब होते. सरांनी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या.