काळ्या चौकटीतले ल्युबेनसाहेब

"माझ्यावर सोडा साहेब! अख्खं प्लोव्दिव शहर तुमचा चेहरा ओळखेल!" असं छातीठोकपणे सांगून रुमेना कामाला लागली. घरं विकून देणाऱ्या त्या छोट्या कचेरीची ती व्यवस्थापक. तापानं घरी झोपायला जाताना मालक ल्युबेनसाहेबांनी तिला बजावलं होतं, "त्या म्हाताऱ्या स्तानकाआजींनी आपल्यामार्फत घर विकलं नाही, तर तुझ्या खुर्चीत माझी भाची बसेल!"

रुमेनानं साहेबांच्या फोटोची जाहिरात छापली. रंगीत शाई संपली होती, म्हणून लाल चौकट काळी उमटली. "किती भारदस्त!" म्हणत तिनं ती दारोदार चिकटवली. इथे बल्गेरियात माणूस गेला की दारावर असाच काळ्या चौकटीतला फोटो लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण स्वतःच्या कामाचं कौतुक करताना भान कुणाला राहतं?

दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा, पलीकडून नुसता हुंदका यायचा आणि फोन बंद! मग कुणीतरी कचेरीच्या उंबऱ्यावर पांढरी शेवंती ठेवून गेलं. फुलं सम संख्येत होती. सम फुलं फक्त मेलेल्यांना देतात! रुमेनाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि डोक्यात प्रकाशही पडला.

तेवढ्यात साहेब आले. चेहरा पांढराफटक, आवाज बसलेला.

"रस्त्यात लोक मला बघून छातीवर क्रूसाची खूण करतायत गं! एवढा का मी आजारी दिसतो?"

रुमेनानं घाईघाईनं शेवंती टेबलाखाली सरकवली. तिच्या हाती घरविक्रीचा करार देऊन साहेब तिला तसंच स्तानकाआजींकडे घेऊन गेले.

जिन्यात मिट्ट काळोख. वर एकच मेणबत्ती जळत होती, आजींच्या दारावरच्या साहेबांच्या फोटोखाली! साहेबांनी फोटो पाहिला, मग रुमेनाकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत दार करकरत उघडलं.

काळ्या कपड्यातल्या आजी जराही दचकल्या नाहीत. "ये बाबा. तुझ्या नावानं श्राद्धाचे गहू शिजवलेत. तिकडे माझा मेतोदी भेटला का रे?"

मेतोदी म्हणजे आजींचे कधीच वारलेले यजमान. रुमेनानं हळूच करार पुढे सरकवला. साहेबांची नजर करारावर गेली.

"भेटले. म्हणाले, घर विकून टाक."

खिडकी बंद होती, तरी पडदा हलला.

"अगदी त्याचंच बोलणं!" आजी कडाडल्या. "त्याचं ऐकून द्राक्षमळा विकला, गाय विकली, जन्मभर रडले! सांग त्याला, घर नाही विकणार!" आणि करार चुलीत गेला.

जिना उतरताना साहेब घोगऱ्या आवाजात ओरडले, "रुमेना! उद्यापासून कामावर यायचं नाही!"

वरून मेणबत्ती घेऊन आजी वाकल्या.

"त्याचं काय मनावर घेतेस पोरी? मेलाय तो! तू जा उद्या खुशाल कामावर!"