परिच्छेद बावीसमधले अकरा जण

मूट कोर्टच्या प्रश्नातल्या सेरान बेटावरून एक बाई आपली वकील शोधत सांगलीच्या एका विधी महाविद्यालयात आली, तेव्हा शिपायाने तिला आधी रजिस्टरमध्ये सही करायला लावली. 'कुठून आलात' या रकान्यात तिने 'परिच्छेद बावीस' असं लिहिलं. शिपायाने ते वाचलं आणि तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं.

तिथे तहसीन मुजावर तयारी करत बसली होती. चौथ्या वर्षाला असलेली ही मुलगी महिन्याभराने परदेशात, आंतरराष्ट्रीय मूट कोर्टमध्ये कॉलेजतर्फे उभी राहणार होती. या स्पर्धेत आयोजक दोन काल्पनिक देशांचं भांडण लिहून पाठवतात आणि जगभरचे कायद्याचे विद्यार्थी ते खऱ्या खटल्यासारखं लढवतात. यंदा मोरीना आणि वेस्काल हे देश मोरीनाच्या सेरान बेटाभोवतीच्या समुद्रावरून भांडत होते. बाविसाव्या परिच्छेदात एकच वाक्य होतं : वेस्कालने सेरानचे अकरा मच्छीमार पकडले असून ते अटकेत आहेत.

"त्यातला सहावा माझा नवरा," बाई म्हणाली.

तिचं नाव इल्मा. मराठी स्वच्छ बोलायची. बेटाची भाषा कोणती हे प्रश्नात दिलेलं नव्हतं, म्हणून समोरच्याची भाषा बोलायची तिकडे रीतच पडली होती. तिने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर अकरा नावं होती. ही नावं कोर्टात घ्यावीत, एवढंच तिचं म्हणणं. प्रश्नात नावं नसल्यामुळे तुरुंगात जेवायला हाक मारतानाही पंचाईत होते, आणि सगळे एकदम उठतात, असं तिने सांगितलं.

तहसीन तो कागद घेऊन बेडकिहाळ मॅडमकडे गेली. कॉलेजचा संघ त्याच घडवायच्या, आणि सतरा वर्षांत त्यांचा एकही संघ अंतिम फेरीत पोचला नव्हता. मॅडमनी नावं शेवटपर्यंत वाचली. प्रश्नाबाहेरची एकही गोष्ट मांडली तर गुण कापले जातात, हे त्यांनी तिला शांतपणे सांगितलं आणि कागदाची नीट घडी घालून परत दिला.

स्पर्धेला संघ आणि मॅडम यांच्याबरोबर इल्माही गेली. तिच्या देशाचं नाव विमानतळावरच्या कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे तिला अडवायला कुणाकडे आधारच नव्हता. पहिल्या दिवशी सकाळी तहसीन मोरीनाच्या बाजूने बोलली आणि नियमाप्रमाणे दुपारी वेस्कालच्या. दोन्ही वेळा तिचा संघ जिंकला. इल्मा मागच्या रांगेत बसून दोन्ही ऐकत होती.

"सकाळी तुमचं बरोबर होतं," ती नंतर म्हणाली. "दुपारी जास्त बरोबर होतं."

तहसीनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिने एका आयोजकाला गाठून खटल्याचा निकाल कधी लागतो, असं विचारलं. त्याने सौजन्याने खुलासा केला, की इथे गुण मिळतात ते बोलण्याचे. कोणता देश बरोबर हे कुणीच ठरवत नाही. गेल्या तीस वर्षांतले सगळे तंटे जसेच्या तसे पडून होते. पुढच्या वर्षी नवा प्रश्न येतो, मग जुन्याकडे बघायला माणसं नसतात, असं तो म्हणाला.

संघ एकेक फेरी जिंकत अंतिम फेरीत पोचला. तिथे नाणेफेकीत वाट्याला वेस्काल आला. मुख्य न्यायाधीशांनी अपेक्षित प्रश्न विचारला : त्या अकरा मच्छीमारांचं काय? अटक कायदेशीर कशी, याचं चांगलं चार मुद्द्यांचं उत्तर तहसीनला पाठ होतं. तिने पहिल्या मुद्द्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

"महोदय, भर न्यायालयात देशाच्या वतीने दिलेला शब्द त्या देशाला बांधून ठेवतो," ती म्हणाली. "वेस्कालच्या वतीने मी शब्द देते, की या अकरा जणांना आत्ता सोडण्यात येत आहे."

मग तिने कागद उघडला आणि नावं वाचायला घेतली. तिसऱ्या नावाला न्यायाधीशांनी ही माहिती प्रश्नात नसल्याची समज दिली. तिने उरलेली आठ वाचली. शेजारी बसलेल्या तिच्या जोडीदाराने पेनाला टोपण लावलं.

संघ हरला, आणि फरक बराच होता. ट्रॉफी दुसऱ्यांच्या हातात जात असताना मागच्या दारातून अकरा माणसं आत आली. पायांत चपला नव्हत्या, दाढ्या वाढलेल्या. सहावा इल्माजवळ जाऊन बसला. इल्माने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोटं चाचपून पाहत राहिली.

नोंदणीच्या मेजावरच्या बाईने मात्र नियमावर बोट ठेवलं, की बिल्ल्याशिवाय कुणालाही सभागृहात बसता येणार नाही. तहसीनने तिला तो कागद दिला. बाईने अकरा कोरे बिल्ले काढले, एकेकाला जवळ बोलावून नाव लिहिलं आणि खालच्या ओळीपाशी थांबून हे कोण म्हणून आलेत, असं विचारलं.

"निरीक्षक लिहा," बेडकिहाळ मॅडम म्हणाल्या. "निरीक्षकांना जेवण असतं."