समाधीतले सपाट दात

हाताची घडी घाला, मुलांनो, आणि मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारल्याने काय होते, तेच आज सांगणार आहे.

एका जंगलात पाणवठ्याच्या काठावर सिंहमहाराजांची समाधी होती. महाराज, महाराणी आणि तीन छावे एका पावसाळ्यात नाहीसे झाले होते. पंचांनी जवळपास दिसली ती हाडे गोळा करून पुरली. राजघराणे तरसांनी खाल्ले, असा निकालही त्याच दिवशी दिला. तेव्हापासून तरसांना पाणवठा बंद. त्यांनी दोन कोसांवरच्या डबक्यावर जायचे.

करडी या तरसाच्या मुलीची आई आता थकली होती. तिला डबक्यापर्यंत चालवत नसे. करडी नदीपलीकडे हाडांची विद्या शिकून आली, ती तरसांवरचा आळ खोडून ही बंदी उठवण्यासाठीच.

त्या वर्षी दरीत कोसळलेली जुनी दरड ओढ्याने उकरली. खाली पाच सांगाडे निघाले. इकडे समाधीचा महोत्सव जवळ आला होता आणि पंचांना शास्त्राचा शिक्का हवा होता. त्यांनी करडीला परवानगी दिली.

करडीने दोन्हीकडची हाडे पंचांपुढे मांडली.

"दरीतली ही मोठी कवटी बघा. उजवा सुळा अर्धा तुटलेला आहे. तुम्ही रोज आरतीत काय म्हणता?"

"अर्धसुळ्या, दीनदयाळा," म्हातारा गवा सवयीने म्हणाला.

"मग हेच महाराज. पाचही जण दगडांखाली चेचले गेलेत. एकाही हाडावर तरसाचा दात लागलेला नाही. आणि समाधीतल्या कवटीला सुळेच नाहीत. सगळे दात सपाट, गवत दळणारे. हा बोकड आहे, आजोबा."

गव्याने बराच वेळ रवंथ केला.

"पोरी, तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

"नव्हते. पण हा सुळा होता."

"मी स्वतः खांदा दिलाय महाराजांना," अस्वल म्हणाले. "खांद्याला कळतं कोण आहे ते."

"बोकडाला खांदा दिलात, काका."

"बघा, कशी उलट बोलते. शिकवा अजून मुलींना."

"बरं, मग दरीतले हे कोण?"

"तोतये."

"सहकुटुंब?"

"फसवायचंच तर कोणी अर्धवट कशाला फसवेल?"

मग गवा उठला. "पोरीच्या विद्येला नावं कशाला ठेवायची? समाधीतले दात गवत खाणारे आहेत, हे तिनं सिद्ध केलं. म्हणजे आपले महाराज गवत खायचे." त्याने समाधीतल्या कवटीला शिंगे टेकवली. "आमच्यातलेच होते हो."

अस्वलाने डोळे पुसले.

ठराव झाला. महाराजांना 'तृणमहर्षी' ही पदवी. दरीतली हाडे पुन्हा दरडीखाली. इतक्या सात्त्विक राजाला खाल्ले म्हणून तरसांची बंदी आणखी सात पिढ्या. आणि एवढा मोठा शोध लावला म्हणून करडीचा शाल पांघरून सत्कार.

करडी पाणवठ्याजवळून परत निघाली. तिथे तरसांना बंदी होती, शालीला नव्हती. तिने शालीचे एक टोक दातांत धरले, दुसरे लांबूनच पाण्यात फेकले, आणि ती ओली शाल ओढत घरी नेऊन आईच्या तोंडात पिळली.

"गोड आहे गं," आई म्हणाली. "म्हणजे निकाल आपल्या बाजूनं लागला."

"अजून थोडं पी," करडी म्हणाली.

तात्पर्य: पुरावा कितीही भक्कम असला तरी वयाने लहानच असतो. त्याने वडीलधाऱ्यांसमोर ताठ उभे राहू नये. वाकून नमस्कार करावा आणि शाल मिळाली तर घ्यावी. ती निदान भिजते तरी.