चंद्रकांतपंतांच्या डाव्या पायाची मलिहाबाद स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, गोमतीतीरी लखनऊ सुभ्यात जे वर्तले ते यथास्थित लिहिले असे. थोरांच्या मोहिमा थोरांनी लिहविल्या, त्यांस शाईची वाण पडली नाही. परंतु पोट सुटलेले, नाकावर चाळिशी चढलेले आणि पेन्शनीस चार वर्षे उरलेले वीरही कधी रणास उभे राहतात, त्यांची वार्ता कोणी लिहीत नाही, सबब ही बखर. यात पदरचे काही घातले नाही, आणि पंतांच्या भिडेस्तव काही गाळलेही नाही.

राजश्री चंद्रकांतपंत वैशंपायन, मूळचे नागपूरकर, रेल्वेच्या चाकरीनिमित्त लखनऊस येऊन बावीस वर्षे जाहली. हुद्दा ब्रेकांचा. हजारो टनांची मालगाडी किती अंतरात उभी राहावी याचा निवाडा पंतांच्या सहीने होई, आणि पंतांची सही पडल्याविना नव्या वाघिणीचे चाक रुळावर फिरत नसे, ऐसा दरारा. परंतु खुद्द पंतांनी एकोणीस वर्षांत दुचाकीस पाय लाविला नव्हता. त्याचे कारण ऐसे जे, पूर्वी पंतांपाशी जुन्या घडणीची बुलेट होती आणि तिजवर पंत व त्यांचे कुटुंब कांचनबाईसाहेब उभयता दर रविवारी मुलूख पाहत हिंडत. मग एके दिवशी चिनहटच्या वळणावर वाळूवरून चाक सरले आणि उभयता भुईस आले आणि बाईसाहेबांचे मनगट मोडले. पंतांस खरचटलेसुद्धा नाही, त्याचीच लाज त्यांस फार वाटली. मग आठ दिवसांत कोणास न पुसता पंतांनी गाडी विकोन टाकली, आणि त्या दिवसापासून त्या गोष्टीचा घरात उच्चार जाहला नाही.

ऐसे असता छप्पन्न वर्षे पुरी होताच पंतांचे मनात वीरश्री संचरली. गुढीपाडव्यास नवी कोरी मोटारसायकल दाराशी आणविली, तीस हार घातला, नारळ वाढविला, आणि जाहीर केले जे, येत्या दसऱ्यास सीमोल्लंघन करोन आम्ही लखनऊहून निघोन, झाशी सागर मार्गे साडेआठशे किलोमीटर मजल मारोन, नागपुरी दाखल होऊ. एकटेच जाऊ, ऐसेही म्हणाले. परंतु मनातली मसलत निराळी होती. मागले आसन रिकामे ठेवोन नागपुरास जाणे पंतांचे जिवावर येत होते. बाईसाहेबांनी पूर्ववत मागे बसावे हीच सारी इच्छा. पण जिचे मनगट मोडविले तीस कोणत्या तोंडाने 'बस' म्हणावे, म्हणोन एकटेच जातो म्हणाले.

मग सरंजामाची जमवाजमव सुरू जाहली. पंतांनी फाइली घातल्या, त्या अकरा भरल्या. हजरतगंजातून बख्तर आणविले, त्यात खांद्यास, कोपरास व पाठीस ढाली. गुडघ्यांचे कवच निराळे. आणि नदी उतरावयाचे बूट आणविले, वाटेत उतरावी ऐसी एकही नदी नसता. पंक्चरचा संच आला, वाटेत चहा करावयाची चूल आली, होकायंत्र आले. एके दुपारी ज्येष्ठाची लू, म्हणजे तिकडला आगीसारखा वारा, वाहत असता पंतांनी सर्व चिलखत एकदम चढवोन दिवाणखान्यात फेऱ्या मारिल्या, तो गुडघ्याचे कवच अडकोन बसले, ते कन्या हिमानी इणे साबण लावोन ओढोन काढिले. रोज प्रातःकाळी पंत गाडी उभ्या स्टँडवर सुरू करीत आणि दहा मिनिटे तिचा गडगडाट ऐकोन बंद करीत, आणि वसाहतीतले लोक गच्चीवरून कौतुक पाहत. ऐसे तीन मास लोटले. आणि गाडीच्या घड्याळात किलोमीटर पाहावे तो अकरा, आणि तेही दुकानाच्या माणसाने घरपोच आणिली त्या दिवसाचे.

ही बातमी हिमानीने फोडिली. पोरीस मराठी सारे उमजे, परंतु जबाब हिंदीत देई. भर जेवणात म्हणाली, "पापा, तैयारी तो बहुत हो गई. एक बार चलाके भी दिखाइए ना."

पंतांनी आमटीकडे पाहिले. मग बाईसाहेबांनी पान सारिले आणि फर्मान सोडिले. मजकूर येणेप्रमाणे: तीस वर्षे आम्ही ऐकत आलो जे, वाघीण रिकामी धावली म्हणोन पास होत नाही, भार घालोन धावली तरच पास, तोच कायदा घरास लागू. तरी येत्या रविवारी मलिहाबादेच्या आंब्यांच्या बागांपर्यंत जाऊन येणे. भार आम्ही स्वतः होऊ. गाडी नीट गेली आली तर दसऱ्याची परवानगी. न गेली तर फाइली रद्दीत जातील, गाडी विकली जाईल, आणि या खेपेस विकण्याआधी आम्हांस विचारले जाईल.

हे शेवटले वाक्य पंतांस झोंबले. परंतु त्याहून मोठे नवल हे जे, ज्या गोष्टीसाठी पंत तीन मास झुरत होते ती, बाईसाहेब मागे बसतील ही, अवचित पदरी पडली. परंतु पुन्हा पाडिले तर तिसरा प्रसंग येणे नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

मग शनिवारी गुपचूप गाडी ढकलीत ढकलीत पंत नफीस मिस्त्री यांच्या गॅरेजात गेले. मिस्त्री म्हणजे आलमबागेतले जुने जाणते, पंतांची पूर्वीची बुलेटही त्यांच्याच हातची. त्यांनी पंतांस गाडीवर बसविले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येण्यास सांगितले. पंत गेले, आणि दुसरा गिअर टाकावा म्हणोन उजवा पाय दाबिला, तो गाडी खाडकन जागीच उभी राहिली. पुन्हा गेले, पुन्हा उभी राहिली. त्याचे इंगित ऐसे जे, जुन्या बुलेटीस गिअर उजव्या पायाशी असे आणि ब्रेक डाव्या. नव्या गाडीस गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या. डोक्यास हे ठाऊक होते, त्यावर फाइलीत एक पानही होते. परंतु पायांनी फाइल वाचिली नव्हती.

नफीस मिस्त्रींनी हात पुसले आणि अदबीने अर्ज केला, "हुज़ूर, गाड़ी में कोई नुक़्स नहीं है. गाड़ी आज की है, पैर आपके उन्नीस साल पुराने हैं. और इसका पुर्ज़ा बाज़ार में मिलता नहीं."

पंतांनी विचारिले जे, मग यास इलाज काय. मिस्त्री म्हणाले, "चलाइए. और क्या."

त्या दिवशी पंत जेथे बसले तेथे डावा पाय हालवीत बसले. जेवताना हालवीत, पेपर वाचताना हालवीत. हिमानीने पाहोन मुंग्या आल्या समजोन बाम आणोन दिला, तो पंतांनी मुकाट्याने चोळिला.

ज्येष्ठ वद्य द्वादशी, रविवार, सूर्योदयी खाशी स्वारी निघाली. पंत पूर्ण बख्तरात. बाईसाहेब सुती सलवार-कमीज, डोईस शिरस्त्राण, पाठीस पिशवी. त्या मागे बसल्या आणि दोन्ही हातांनी मागली लोखंडी सळी धरिली. पूर्वी त्या पंतांच्या खांद्यास धरीत. पंतांनी आरशात सळीवरचे हात पाहिले, आणि पहिल्या गिअरात कूच केले.

दुबग्ग्यापर्यंत गाडी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरातच चालली. सायकलीवरले दूधवाले पुढे जात आणि वळोन पाहत. दर वेळी पंत गिअर म्हणोन ब्रेक दाबीत, आणि दर वेळी बाईसाहेबांचे शिरस्त्राण पंतांच्या शिरस्त्राणावर ठक्क म्हणोन आदळे. दुबग्ग्याच्या भाजीमंडीशी आले तेव्हा असे नऊ ठोके पडले होते. दर ठोक्यास बाईसाहेब शिरस्त्राण सरळ करीत आणि पुन्हा सळी धरीत. पंतांस त्या नऊ ठोक्यांपेक्षा ते सळी धरणे जड जात होते.

मग हरदोई रस्ता सोडोन बागांकडे वळले, तेथे रेल्वेचे फाटक लागले, ते बंद. पंतांस आपल्याच दौलतीच्या फाटकाशी उभे राहोन किंचित धीर आला. दोन्ही अंगांस फौजा जमल्या: आंब्यांच्या क्रेटी लादलेले ट्रॅक्टर, ई-रिक्षा, एक लग्नाची बोलेरो. गाडी गेली, फाटक उघडले, आणि दोन्ही फौजा एकमेकींवर चालोन गेल्या. मधोमध, ऐन रुळांवर, पंतांनी गिअर बदलावा म्हणोन उजवा पाय दाबिला आणि इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा उजवा, पुन्हा बंद. समोरचा ट्रॅक्टर थटला, मागची ई-रिक्षा थटली, आणि ई-रिक्षावाला ओरडला, "अंकल, गाड़ी चलाइए या फोटो खिंचवाइए, एक काम कीजिए!"

इतक्यात फाटकवाला हिरवे निशाण टाकोन लाल घेऊन धावत आला. म्हणाला, "साहब हटाइए! डाउन में मालगाड़ी लगी है, फाटक बंद करना है!"

पंतांनी बख्तराच्या आत घामाने न्हाऊन निघत हिशेब केला. त्या मालगाडीचा ब्रेक त्यांच्याच सहीने पास जाहलेला होता. ती किती अंतरात थांबेल हे हिंदुस्थानात पंतांहून चांगले कोणास ठाऊक नव्हते. आणि ते अंतर आठवताच त्यांचा पायांचा हिशेब चुकला. डावा कोणता आणि उजवा कोणता हेही आठवेना. एकोणीस वर्षांपूर्वीची वाळू डोळ्यांपुढे आली. उतर, ऐसे ते बाईसाहेबांस म्हणणार होते.

तो सळी सुटली. बाईसाहेबांनी डावा तळहात पंतांच्या डाव्या खांद्यावर मारिला, दणका ऐसा की ढालीतून आत पोचला, आणि गर्जना केली, "डावा! खाली!"

डावा पाय खाली गेला. गाडी हालली.

"आता वर! डावाच!"

डावा पाय वर गेला, दुसरा गिअर पडला, आणि स्वारी रुळांपार जाहली. मागोमाग फाटक पडले, आणि थोड्या वेळाने मालगाडी धडधडत निघोन गेली, तिचा ब्रेक लागण्याची गरज पडली नाही. त्याउपरि हात खांद्यावरच राहिला. गिअर टाकणे ते समयी डाव्या खांद्यावर थाप, ब्रेक दाबणे ते समयी उजव्या. ऐसा बंदोबस्त ठरवोन स्वारी बागेत दाखल जाहली.

बागवानाने दशहरी आंबे बादलीभर पाण्यात टाकोन पुढे ठेविले. उभयता बाजेवर बसोन चोखो लागली. पंतांनी बख्तर उतरविले, तिसरा आंबा संपविला, आणि एकोणीस वर्षे अडलेले वाक्य काढिले. "कांचन, चिनहटला चूक माझी होती."

"अच्छा?" बाईसाहेब कोय चोखत म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटत होतं, वाळूची होती."

"तुझं मनगट मोडलं."

"मोडलं, आणि जुळलं. दीड महिन्यात." मग त्यांनी हात धुतले आणि पंतांकडे रोखोन पाहिले. "पण माझा हात गळ्यात बांधलेला, आणि तुम्ही गाडी विकून मोकळे! न विचारता. माझे रविवार पण विकलेत तुम्ही. मी कधी म्हटलं होतं का, की मला पुन्हा बसायचं नाही?"

पंतांनी हातातली कोय खाली ठेविली. एकोणीस वर्षे ते जी भीती बाईसाहेबांची म्हणोन जपत होते ती त्यांची स्वतःचीच होती, आणि तिकडे बाईसाहेबांस नुसता राग होता. ऐसे कळता पंतांचे डोळे भरोन आले. आंब्याचा चीक गेला म्हणोन त्यांनी ते पुसले.

मग एक क्रेट मागे बांधोन स्वारी परतली. थापा पडत होत्या, गिअर पडत होते, फाटक उघडे मिळाले, दुबग्गा आले आणि गेले. प्रहर दिवस चढता वसाहतीत दाखल जाहले. हिमानी दाराशी उभीच होती. पुसती जाहली, "मम्मी, पास कि फेल?"

बाईसाहेबांनी शिरस्त्राण काढिले, केस सावरले आणि निवाडा दिला, "पास. पण एकट्यांना जाता येणार नाही. गिअर कोण सांगणार यांना?" आणि क्रेट उचलोन आत जाता जाता वळोन पंतांस म्हणाल्या, "आणि ते नदी उतरायचे बूट माझ्या मापाचे मिळतात का बघा."

सबब दप्तरी कायम नोंद करण्यात येते जे, ज्येष्ठ वद्य द्वादशीस मलिहाबादची मोहीम फत्ते जाहली. गाडी शाबूत, मनगटे चारही शाबूत, आंबे तीन फुटले. दसऱ्यास उभयता नागपुरास कूच करणार. बखरकाराने सत्य लपवू नये, म्हणोन हेही लिहिले पाहिजे की परतताना दुबग्ग्यापासून पंतांचा डावा पाय आपला आपणच बरोबर पडो लागला होता, आणि हे पंतांनी कोणास सांगितले नाही. आणि तेथून पुढे बाईसाहेबांची थाप दर वेळी गिअर पडल्यानंतर पडत होती, आणि हे बाईसाहेबांनी कोणास सांगितले नाही.